काठीच्या पोटातलं पातं

धुळवडीच्या दुपारी चांदणी चौकाच्या अलीकडे एका हवालदारानं माझ्या गाडीच्या काचेवर टकटक केलं, तेव्हा माझ्या केसांत गुलाल होता, शर्ट हिरवा-जांभळा झाला होता आणि पोटात बियर होती. किती, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. बियरवर कुणीतरी आग्रहानं दिलेली व्हिस्कीही होती. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. पोलिसांशी माझा तोवर संबंध आला होता तो फक्त पासपोर्टच्या वेळी.

मी मूळचा वर्ध्याकडचा. पुण्यात येऊन बावीस वर्षं झाली. राहतो हडपसरला आणि हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधतो. पुण्याची जुनी माणसं रंगपंचमीला रंग खेळतात, आम्ही विदर्भातले धुळवडीला. म्हणून आमच्याकडची पाच-सहा मंडळी दरवर्षी मुळशीच्या रस्त्यावर एकाच्या शेतघरी जमतात. बायको पेठेत वाढलेली, ती येत नाही. सकाळी निघताना तिनं एवढंच विचारलं होतं, "परत येताना रिक्षानं याल ना?" मी "हो" म्हणालो होतो आणि गाडी घेऊन गेलो होतो.

"काका, ह्यात फुंका," हवालदार म्हणाला.

मी फुंकलं. त्यानं मशीनवरचा आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या पोलिसाला आकडा दाखवला. मर्यादेच्या दुपटीहून जास्त होतं, हे मला नंतर कागदावर वाचून कळलं.

"उतरा. चावी द्या. पाठीमागं काय हाय?"

"काही नाही. काठी आहे."

ती माझ्या वडिलांची काठी. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. आदल्या दिवाळीला गावी गेलो असताना घराच्या कोपऱ्यातून मी ती उचलून आणली होती, कारण इकडे माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. काठीच्या टोकाचं रबर झिजलेलं होतं. मंडईजवळच्या एका दुकानात ते बदलून घ्यायचं आणि मग सासऱ्यांना द्यायची, असा बेत होता. तो बेत दिवाळीपासून होळीपर्यंत गाडीच्या मागच्या सीटवर पडून राहिला.

शहरात त्या दिवसांत कोयते घेऊन फिरणाऱ्यांचा धुमाकूळ चालू होता आणि पोलीस प्रत्येक गाडी आतून बघत होते. हवालदारानं काठी बाहेर काढली, हातात तोलली आणि पुन्हा तोलली. पितळी मुठीच्या खाली केसाएवढी बारीक रेघ होती, तिच्यावर त्यानं अंगठ्याचं नख फिरवलं. मग मूठ धरून पिळली आणि ओढली.

आतून पातं बाहेर आलं, कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीचं. उन्हात ते पांढरं दिसलं.

तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. ती आली, पण नंतर. पहिल्यांदा मी जे बोललो ते हवालदारानं पुढे जबानीत जसंच्या तसं लिहिलं आणि कोर्टात ते मोठ्यानं वाचलं गेलं. मी म्हणालो होतो, "अरे वा! बघू द्या जरा."

"बघाल की, सावकाश बघाल," हवालदार म्हणाला.

त्यानं पात्यावरून बोट फिरवून नाकाशी नेलं. "तेल लावलंय साहेब. गंजाचा ठिपका नाही. वापरातलं हाय."

'वापरातलं' हा शब्द ऐकल्यावर माझी निम्मी उतरली. मी सांगू लागलो की ही माझ्या वडिलांची काठी, ते सरकारी मोजणीदार होते, शेतांच्या हद्दी मोजायचे, मुंगीसुद्धा बाजूला सारून पाय टाकायचे. पण माझी जीभ जड झाली होती, तोंडाला दारूचा वास येत होता आणि अंगावर रंग होता. माझंच बोलणं मला खोटं वाटायला लागलं.

रस्त्याच्या कडेलाच पंचनामा झाला. पंच म्हणून समोरचा रसवंतीवाला आला. दुसरा पंच पुतण्याची मोटरसायकल सोडवायला आलेला एक गृहस्थ होता. टेप लावून पातं मोजलं. मी बाजूच्या कठड्यावर बसून ऐकत होतो. 'एक वेताची काठी, पॉलिश केलेली, वापरून गुळगुळीत झालेली, पितळी मूठ असलेली, आत लोखंडी, एका बाजूस धार असलेले, टोकदार पाते, तेल लावलेले.' बाबांच्या हातातली काठी मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण तिचं इतकं नीट वर्णन कधी कुणी केलं नव्हतं. सही करताना मी कागद नाकाजवळ नेला. हवालदाराच्या बोटाचं तेल त्याला लागलं होतं. वास ओळखीचा होता, पण कशाचा ते आठवेना.

सरकारी दवाखान्यात रक्त घेतलं. पोलीस ठाण्यात दोन गुन्हे लिहिले गेले. एक दारू पिऊन गाडी चालवल्याचा, दुसरा विनापरवाना हत्यार बाळगल्याचा. पहिल्यापुरतं असतं तर घरी सोडलं असतं, असं ठाणे अंमलदार म्हणाले. दुसऱ्यामुळे ती रात्र मला कोठडीत काढावी लागली.

दुसऱ्या दिवशी कोर्टात बायको आली होती. ती माझ्याशी बोलली नाही. माझ्यासाठी तिनं धुतलेला शर्ट आणला होता, तो तिनं पोलिसाच्या हातात दिला. तिच्याबरोबर जामीनदार म्हणून सासरे आले होते. गुडघ्याला पट्टा आणि हातात कुणाची तरी उसनी छत्री टेकायला. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जावईबापू, काठी मागितली होती मी," ते म्हणाले. "शस्त्रागार नव्हतं मागितलं."

मी मान खाली घातली.

"आणि दारू पिऊन गाडी चालवलीत ते काय म्हणून? त्याला तर वडिलांचा वारसा नाही ना?"

जामीन झाला. घरी जाताना रिक्षात बायको पहिल्यांदा बोलली. "मी विचारलं होतं, रिक्षानं याल ना. तुम्ही हो म्हणालात." सबंध प्रकरणात तिनं मला तेवढं एकच सुनावलं, पण ते बरेच महिने पुरलं.

आमची वकील बायकोच्या मैत्रिणीची धाकटी बहीण, तिशीची असेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि वहीत मधोमध उभी रेघ मारली.

"सर, या दोन वेगळ्या केसेस आहेत. मिक्स करू नका. ड्रिंक अँड ड्राइव्हमध्ये लढण्यासारखं काही नाही. तुम्ही प्यायला होतात?"

"हो."

"चालवत होतात?"

"हो."

"मग गुन्हा कबूल करून टाका. हत्यारवाली केस मात्र लढायची. ताबा तुमचा होता, पण तो जाणीवपूर्वक हवा. आत पातं आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, हा आपला बचाव. फक्त प्रॉब्लेम असा आहे, की माहीत नव्हतं हे दाखवायचं कसं? आणि सर, ते तेल. ते तेल कोणी लावलं?"

मलाही नेमकं तेच कळायला हवं होतं. बाबा वर्षापूर्वी गेलेले. काठी चार महिने माझ्या गाडीत. मग पात्याला ताजं तेल कुठून आलं? बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधत होतो आणि आमच्या घरात डोळ्यांदेखत उभ्या असलेल्या काठीत काय आहे ते मला कळलं नव्हतं. खरं सांगतो, शिक्षेच्या भीतीपेक्षा मला त्या दिवसांत बाबांचंच कोडं जास्त पडायचं. हा माणूस कोण होता? बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करायला लाजणारा, मांजराला हाकलताना 'जा गं बाई' म्हणणारा. तो चाळीसेक वर्षं हातात पातं घेऊन हिंडला?

आईला मी काही सांगितलं नव्हतं. ती गावी एकटी, उगाच घोर लागेल. पण शेवटी फोन केला आणि आडवळणानं विचारलं, "आई, बाबांची काठी कोणी बनवून दिली होती गं?"

पलीकडून ती म्हणाली, "कायले? मोडली का?"

"नाही."

"मंग उघडली."

मी बसलो होतो तो उभा राहिलो. आईनं मग सगळं सांगितलं, जणू लोणच्याची कृती सांगावी तसं. मी तिसरीत असताना बाबा एका गावी हद्द मोजायला गेले होते. दोन भावांचं भांडण होतं. मोजणी ज्याच्या विरुद्ध गेली, त्यानं बाबांना पळवून पळवून मारलं. घरी मात्र बाबांनी सांगितलं, बांधावरून पडलो. खरं काय ते कचेरीतल्या शिपायाच्या बायकोनं आईला सांगितलं. पुढच्या बाजाराला आईनं बाबांची काठी नेऊन लोहाराला दाखवली आणि अगदी तशीच दुसरी बनवून घेतली, पोटात पातं असलेली. एक दिवस जुनी चुलीत घातली आणि नवी कोपऱ्यात ठेवली.

"आणि बाबांना?"

"त्यायले कायले सांगू? सांगतलं असतं त घेऊन गेलेच नसते. तुह्या बापानं कधी कोणावर हात उगारला काय?"

"मग उपयोग काय त्याचा आई? ज्याच्या हातात आहे त्यालाच माहीत नाही!"

"ते सायकलवर निघाले का माह्या छातीत धडधड होये," ती म्हणाली. "काठी बनवली, मंग कमी झाली."

दरवर्षी दसऱ्याला बाबा सोनं वाटायला बाहेर पडले, की ती पातं काढून पुसायची, हळदकुंकू लावायची, पुन्हा पुसायची आणि शिलाई मशीनचं तेल लावून ठेवायची. बाबा गेल्यावरच्या दसऱ्यालाही तिनं लावलं. तो वास मला तेव्हा आठवला. आमच्या घरी मशीन खिडकीपाशी असायची आणि मी तिच्याखाली बसून अभ्यास करायचो.

"मी काठी घेऊन आलो, तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू विचारून नेली काय? गेल्यावर पायलं त कोपरा खाली. टीव्हीवर पुण्याचे कोयतेच दाखवून राहिले. म्हटलं, राहू दे लेकापाशी."

मग मी तिला सगळं सांगितलं. हत्यारापाशी ती काही बोलली नाही. दारूचं ऐकलं आणि म्हणाली, "पिऊन गाडी चालवली तू?" मी "हो" म्हणालो. तिनं फोन ठेवून दिला. दोन दिवस उचलला नाही.

दारूची केस आधी निघाली. मोठी रांग होती. बरेचसे माझ्यासारखेच धुळवडीचे, आता स्वच्छ भांग पाडलेले. माझा नंबर आला. "कबूल आहे?" "कबूल आहे." दंड झाला, लायसन्स सहा महिने निलंबित झालं. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नसेल. मी बाहेर आलो आणि पायरीवर उभा राहिलो. मला वाटत होतं, आणखी कुणीतरी काहीतरी विचारेल. मी जे खरोखर केलं होतं, त्याबद्दल कुणालाच काही जाणून घ्यायचं नव्हतं.

गाडी सोडवून आणली, तेव्हा डावीकडचा आरसा आत दुमडलेला होता आणि त्याच्या पाठीवर निळ्या रंगाचा ओरखडा होता. होळीचा रंग नव्हता, ऑइलपेंट होता. नाकाबंदीवर कुणी आपटलं असेल म्हणून मी हवालदाराकडे चौकशी केली. तो म्हणाला, "गाडी आली तशीच होती काका. मी नोंद केलीय." पंचनाम्यात खरंच होतं, 'डावा आरसा दुमडलेला'.

एका रविवारी मी बसनं मुळशी रस्त्याला गेलो आणि त्या शेतघराच्या फाट्यावरून परतीची बस पकडून खिडकीशी बसलो. पिरंगुटचा घाट मला आठवत होता. त्यानंतर थेट हवालदाराचं नख काचेवर. मधलं सगळं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतो. शाळा, तिच्यासमोरचा गतिरोधक, भूगावातली गर्दी, रस्त्याच्या अगदी कडेला लागलेल्या कलिंगडांच्या आणि फुलांच्या गाड्या. निळ्या रंगाचं काय काय आहे ते मी बघत होतो. दुकानांच्या पाट्या निळ्या होत्या, पाण्याची पिंपं निळी होती, दोन हातगाड्या निळ्या होत्या. भूगावला उतरून एका फुलवालीला विचारलं, "मावशी, धुळवडीला इथं कुणाला गाडीचा धक्का लागला होता का?"

"रोजच लागतो की," ती म्हणाली. "तुमचं कोण होतं?"

माझं कुणी नव्हतं, असं मी म्हणालो आणि पुढच्या बसमध्ये चढलो. तो निळा रंग कशाचा होता ते मला अजून कळलेलं नाही. निलंबन संपल्यावर लायसन्स परत आलं. गाडी आता बायको चालवते. मी हिंजवडीला बसनं जातो. कंपनीत केसची माहिती द्यावीच लागली. साहेबांनी वर्षभर माझी बढती अडकवली आणि नोकरी ठेवली.

हत्याराची केस दोन वर्षं चालली. तारखांमागून तारखा. साक्षीला आई यायची होती. वकिलीणबाईंनी तिला फोनवर स्पष्ट सांगितलं, "काकू, हत्यार मीच बनवून घेतलं असं तुम्ही बोलणार. तुमच्यावरही केस येऊ शकते."

"येऊ द्या," आई म्हणाली. "सत्तर पार केली म्या. मले कोण काय करन?"

ती एकटी रेल्वेनं आली. सासरे तिला घ्यायला माझ्याबरोबर स्टेशनवर आले, अ‍ॅल्युमिनियमची काठी टेकत. आईनं ती काठी हातात घेऊन पाहिली आणि परत दिली. "हलकी आहे," म्हणाली.

"पोकळ आहे," सासरे म्हणाले. "मी दुकानात तपासून घेतली."

कोर्टात ती नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. आधी तिनं सगळं सांगितलं. मग सरकारी वकील उठले. त्यांना तिचं बोलणं खोटं पाडायचं होतं.

"आजीबाई, तुमच्या मुलाला वाचवायला तुम्ही ही गोष्ट रचलीत, बरोबर?"

"नाई जी."

"पातं किती बोटं लांब होतं?"

"माह्या कोपरापासून बोटापर्यंत. मीच मोजून देल्लं होतं लोहाराले." तिनं हात पुढे केला.

"तेल कुठलं?"

"मशीनचं. खोबऱ्याचं लावलं त मुंग्या येतात."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवून स्वतःच विचारलं, "तुमच्या पतींना हे माहीत नव्हतं? इतकी वर्षं?"

"त्यायनं मले तसं कधी सांगतलं नाई जी."

"आणि मुलाला?"

"त्याले कशाचंच माहीत नसते," आई म्हणाली. हे मात्र वकिलीणबाईंनी शिकवलेलं नव्हतं.

महिन्याभरानं निकाल लागला. आरोपीला काठीत शस्त्र असल्याची जाणीव होती हे सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही, म्हणून निर्दोष मुक्तता. नाकाबंदीवर मी उद्गारलेलं ते 'अरे वा! बघू द्या जरा' निकालपत्रात माझ्या बाजूनं आलं होतं. जाणणारा माणूस असं म्हणत नाही, असं न्यायाधीशबाईंनी लिहिलं होतं. मुद्देमाल नष्ट करावा, असा आदेश झाला. ती काठी पुन्हा बघायला मिळेल का म्हणून मी अर्ज करायचं म्हणत होतो. वकिलीणबाईंनी हात जोडले.

निकालापर्यंत आई आमच्याकडेच राहिली होती. परत जाताना मी तिला रिक्षानं स्टेशनवर सोडायला निघालो. मगरपट्ट्याच्या पुलाखाली रिक्षा अडकली, तेव्हा मी विचारलं, "खरंच बाबांना कळलं नसेल? काठीचं वजन वाढलेलं हातात कळत नाही?"

आई बाहेर बघत होती. "पहिल्याच दिवशी म्हणाले होते, काठी जड झाली गं. म्या म्हटलं, पावसानं फुगली असन."

"मग?"

"मंग पायलं माह्याकडे. घेऊन गेले. त्या दिवसापासून तुले नि तुह्या बहिणीले काठीले हात लावू देत नव्हते."

ते मला एकदम आठवलं. काठीचा घोडा करून अंगणात फिरलो म्हणून बाबांनी मला एकदाच, आयुष्यात एकदाच, मोठ्यानं ओरडून काठी हातातून हिसकावून घेतली होती. "म्हणजे त्यांना माहीत होतं! आणि तू कोर्टात..."

"कोर्टात काय खोटं बोलली म्या? त्यायनं मले सांगतलं नाई, म्या त्यायले विचारलं नाई." तिनं पिशवी मांडीवर सरळ केली. "सिग्नल सुटला पाय. त्याले म्हण, जरा जोरात घे, गाडी चुकन."